न पिणारी पाखरं

मास्तरच्या जोडीनं मी शेवटचं साधं काम केलं ते म्हणजे डोणी घासली. रविवारची सकाळ होती. परसात लिंबाखाली दगडी डोणी होती, कधीकाळी बैलांना पाणी पाजायची, हातभर खोल. मास्तर नारळाच्या शेंडीनं घासत होता, मी विटेच्या भुकटीनं. दोघंही उकिडवे. माझी बायको दारात बसून ज्वारी निवडत होती.

"मास्तर, तुमचे गुडघे वाजून राहिलेत," मी म्हणालो.

"गुडघे न्हाईत. डोणी वाजते. आतून कोणतरी बोलायलंय."

असं काही तो बोलायचा. हसावं का घाबरावं, कळायचं नाही. मी हसलो. बायको हसली नाही. सुपातून मान वर करून म्हणाली, "डोणी कामून घासता? डोणीनं काय केलंय?"

"तू ज्वारी निवड," मी म्हणालो.

त्या दिवशी संध्याकाळी ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिचे डोळे पिवळे दिसले. त्यानंतर आमच्या तिघांत साधं असं काही राहिलं नाही.

मास्तर म्हणजे शाळेतला मास्तर नव्हे. तो आमचा घरमालक आणि तसबिरी करणारा. तसबिरी फक्त मेलेल्यांच्या. घरात माणूस गेलं की लोक त्याच्याकडं यायचे, लग्नातला नाहीतर जत्रेतला गर्दीचा फोटो घेऊन. त्यात गेलेल्या माणसाचं तोंड नखाएवढं. मास्तर ते तोंड तेवढं उचलायचा, मोठं करायचा आणि काडीला कापूस गुंडाळून त्यात रंग भरायचा. गालात, ओठात, लुगड्यात. आज मी त्याच्या तेव्हाच्या वयापेक्षा मोठा झालोय, म्हणून त्याला अरेतुरे करतो. तेव्हा 'अहो मास्तर' म्हणायचो.

लातूर तेव्हा नवं नवं जिल्हा झालं होतं. रोज एक कचेरी उघडायची, रोज एका खुर्चीवर साहेब येऊन बसायचा, आणि ज्याला त्याला फोटो पाहिजे होता. अर्जाला फोटो, ओळखपत्राला फोटो. मास्तरनं ठरवलं असतं तर माडी बांधली असती. एकदा एका कचेरीचा कारकून आला. म्हणाला, "आमच्या साहेबांचा सगळ्या स्टाफसकट एक फोटो काढायचाय."

"सगळे जिवंत हायत का?" मास्तरनं विचारलं.

"हाव की!"

"मग माझ्याकडं काय काम? एकेक करून या. घाई न्हाई."

कारकून चपला घालायचं विसरून बाहेर पडला आणि परत आला.

आम्हाला खोली कशी मिळाली तेही तसंच. आम्ही मुखेडकडचे. माझं शिक्षण चौथी. नव्या जिल्ह्यात पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर म्हणून लागलो आणि बायकोला घेऊन चार दिवस खोली शोधत फिरलो. लोक आधी आडनाव विचारायचे आणि मग म्हणायचे, कालच दिली. माझ्या बापानं दीक्षा घेतलेली, आम्ही बौद्ध, आडनाव लपवायची आम्हाला सवय नव्हती. मास्तरनं आडनाव विचारलं नाही. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बायकोला म्हणाला, "बाई, तुमच्या आईच्या लुगड्याचा रंग सांगा."

"कोणत्या? तीन होती."

"पहिलं डोळ्यापुढं आलं ते."

"हिरवं. डाळिंबी काठ. उजव्या खांद्यावर ठिगळ हाय. ते मी लावलं होतं, म्हणून वाकडं."

मास्तरनं खिशातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. म्हणाला, "एकच काम हाय. रोज सकाळी परसातली डोणी भरायची. पाखरांसाठी."

"तुमी का न्हाई भरत?"

"ज्याला पाहुण्याची वाट बघायची, त्यानं पाणी भरू नये. दुसऱ्यानं भरावं."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यानंच म्हणालो, खोली घे, डोकं खाऊ नको. ती म्हणाली, "भरीन. पण मास्तरमामा, माझा फोटो काढायचा न्हाई. मला न्हाई आवडत."

"मी जित्या माणसाचा काढतच न्हाई."

"मग जमलं. मेल्यावर काय, तुमच्याच हातात हाय."

आम्ही तिघंही हसलो.

परसात डोणीपासून सात-आठ पावलांवर त्यानं टिनाचं खोपटं केलं होतं, उभ्या पेटीसारखं, एक माणूस बसेल एवढं. त्याला बोटभर भोक. भोकाला कॅमेऱ्याचा डोळा. मातीच्या रंगाचा सदरा घालून तो उजाडताना आत शिरायचा आणि उन्हं चढल्यावर बाहेर यायचा. तोवर कोणाशी बोलायचं नाही, खोकायचं नाही. आतून फक्त 'कट्' असा आवाज यायचा. त्या आवाजाला पाखरं सरावली होती. मला तो कधी सवयीचा झाला नाही.

हळद्या यायचा, पिवळाजर्द. तास यायचा, म्हणजे नीळकंठ, बसला की मातकट, उडाला की निळाच निळा. हुदहुद यायचा डोक्यावर तुरा उभारून. बुलबुल, साळुंक्या, राघू तर किती. रोल मात्र काळ्या-पांढऱ्याचा. रंगीत रोल धुवायला परगावी पाठवावा लागायचा, आणि मास्तर म्हणायचा, "तिकडच्या पाण्यात धुतला की रंगबी तिकडचा येतो." म्हणून तो फोटोच्या पाठीमागं लिहून ठेवायचा: पाठ निळी, पोट विटकरी, चोच लाल. वर तारीख. मग अंधाऱ्या खोलीतून कागद वाळून आला की त्या पाखरात रंग भरायचा.

कशासाठी, ते मला सहा महिन्यांनी कळलं.

उदगीरकडचे दोघं भाऊ आईची तसबीर करायला आले होते. मास्तर प्रत्येकाला तीन गोष्टी विचारायचा. माणूस कोणत्या कुशीवर झोपायचं? हसताना तोंडावर पदर घ्यायचं का? आणि लुगड्याचा रंग. थोरला म्हणाला हिरवा, धाकटा म्हणाला जांभळा. ओट्यावरच भांडण लागलं. "तू तर हैदराबादला होतास, तुला काय ठाऊक!" "आन तू घरात असून तरी कधी बघितलंस का तिच्याकडं!" मी दारात उभा राहून हसत होतो. आईच्या अंगावरचं लुगडं आठवत नाही, अशी कशी पोरं, म्हणालो मनात.

मास्तर त्यांना म्हणाला, आठ दिवसांनी या.

चौथ्या दिवशी सकाळी डोणीवर खंड्या आला. आसपास कोसभर नदी नाही, तळं नाही. डोणीच्या काठावर बसला, पाण्याकडं पाठ करून. तोंड खोपट्याकडं. किती वेळ बसला म्हणता! बाकीची पाखरं भिंतीवर सरकून गप्प झाली. मी दात घासत उभा होतो तो तसाच राहिलो. आतून 'कट्' झालं. खंड्या पाणी न पिता उडाला.

मास्तरनं लुगडं निळं केलं.

भाऊ आले. तसबीर बघून धाकटा म्हणाला, "हे कोणतं लुगडं? आमच्या घरात निळं नव्हतंच." थोरल्याला मात्र तसबीर उजेडात धरल्यावर आठवलं. आई गेली तेव्हा माहेरचं लुगडं आलं होतं, शेवटचं नेसवायला. ते बायकांनी आत नेसवलं. पुरुषांनी नीट बघितलंच नव्हतं. ते निळं होतं.

"मास्तर, हे तुमाला कसं ठाऊक?" मी नंतर विचारलं.

"मला काय ठाऊक असणार? पाहुणा सांगून गेला." मग जेवता जेवता भाकरी हातात धरून म्हणाला, "ड्रायव्हर, पाण्यावर सगळेच येतात. पितं ते पाखरू. पीत न्हाई ते पाहुणं."

पिणाऱ्या पाखरांचे फोटो तो पत्र्याच्या पेटीत टाकायचा. पाहुण्यांचे वेगळे, एकेका पाकिटात, वर गेलेल्या माणसाचं नाव. मी मोजले होते, दीड वर्षात सतरा. एक पाकीट मात्र रिकामं होतं आणि त्यावर नाव नव्हतं. ते त्याच्या आईचं. बिलोलीकडच्या एका गावात तो सहा वर्षांचा असताना ती गेली. फोटो नाही. लुगडं कोणी पिवळंजर्द सांगायचं, कोणी अंजिरी. दुनियेच्या आया त्यानं रंगवल्या, स्वतःची राहिली. पहाटे त्या टिनाच्या पेटीत शिरून तो कुणाची वाट बघायचा, ते मला त्या रिकाम्या पाकिटावरून कळलं आणि त्याच्या वेडाला हसायचं मी सोडलं.

पुष्कळ वर्षांनी नांदेडला बसस्टँडवर एक जुना लातूरकर भेटला. त्यानं सांगितलं, मास्तर गेला. मी विचारलं, त्याची तसबीर कोणी केली का? तो म्हणाला, कोण करणार?

शेजारच्या काकूला आमचं तिथं राहणं पहिल्या दिवसापासून टोचत होतं. भिंतीवरून मान काढून ती मास्तरला म्हणाली होती, "डोणीला कुणाच्याबी हातचं पाणी चालतं का हो?" मास्तर म्हणाला, "पाखरांची तकरार न्हाई. तुमची कामून?" माझी बायको रोज सकाळी कळशी घेऊन जायची, पाणी ओतायची आणि खोपट्याकडं न बघता म्हणायची, "मामा, आता हलते बरं का. मग काढा तुमचे पाहुणे." घरात ती कमी बोलायची. परसात तिचा आवाज वेगळा असायचा.

दुसऱ्या साली पाऊस गेला तो गेलाच. माघात परसातला आड आटला. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही. लोकांना वाटतं, टँकरवाल्याच्या घरी पाण्याला काय तोटा. पण माझा एक हट्ट होता. माझ्या आईला गावच्या विहिरीवर कधी घागर बुडवू दिली नाही. वरून कोणी ओतलं तर पाणी, नाहीतर उन्हात उभं राहा. पाण्यातला कुणाचा वाटा मारायचं माझ्याच्यानं झालं नाही. टाकीत तोटीच्या खाली चार बोटं पाणी उरतं. ते गावाच्या घागरीत जात नाही. शेवटची खेप झाली की मी गाडी उतारावर तिरपी लावायचो, मागचं बूच काढायचो आणि ते तळाचं पाणी दोन घागरी घरी आणायचो. त्याला थोडा गंजाचा वास यायचा. तुरटी फिरवली की वर नितळ दिसायचं. ते घरात प्यायला आणि डोणीला. मी स्वतः दिवसभर विहिरीवर प्यायचो. मास्तर हॉटेलात जेवायचा आणि तिथंच प्यायचा.

आठवड्याभरानं बायको म्हणाली, "अवो, पाखरं पाणी पिईनात."

"मास्तरचे पाहुणे असतील."

"सगळेच कसे पाहुणे?"

हे काकूनं भिंतीपलीकडून ऐकलं. दुसऱ्या दिवशी बोळात चार बायकांत म्हणाली, "पितील कशी? पाखरालाबी कळतं, हात कुणाचा हाय ते."

बायकोनं मला हे हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून ती पाखरांचं काही बोलली की मला तिच्या तोंडून काकू बोलल्यासारखी वाटायची. ती परत म्हणाली, पिईनात. मी ओरडलो, "पाखराला जात कळत न्हाई! तूबी तेच बोलून राहिलीस!"

"मी काकूचं न्हाई बोलत. पाण्याचं बोलते."

"पाण्याला काय झालंय? माझ्या गाडीचं पाणी हाय."

तिनं घागरीतून तांब्या भरला. आणि तेच पाणी पीत राहिली.

मास्तरची मात्र गंमतच झाली होती. गंमत म्हणावं की काय म्हणावं! एका सकाळी त्यानं मला खुणेनं बोलावलं आणि खोपट्याच्या भोकातून बघायला लावलं. डोणीच्या काठावर जागा नव्हती. हळद्या, तास, राघू, बुलबुल, होले, एकमेकांच्या शेजारी कधी न बसणारी पाखरं खांद्याला खांदा लावून. सगळ्यांच्या चोची उन्हानं उघड्या. जिभा दिसत होत्या. पंख अंगापासून सुटलेले. पाणी बोटभर अंतरावर, आणि एकाचीही मान खाली जात नव्हती. आवाज नाही. लिंबाचं पान पडलं ते मला ऐकू आलं.

"एवढे एकदम कधी आले न्हाईत," मास्तर कुजबुजला. "काहीतरी मोठं व्हायचंय, ड्रायव्हर."

बाहेर येऊन तो माझ्या बायकोला म्हणाला, "बाई, चार दिवस माहेरी जाऊन या."

"अख्ख्या मुलखाला पाणी न्हाई, मामा. माहेरी कुठलं?"

त्यानंतरच्या रविवारी आम्ही डोणी घासली. ते खूळ मीच काढलं होतं. शेवाळ धरलं असेल, म्हणालो, घासली की पितील, मग बघू काकू काय बोलते. डोणी अशी चकचकीत केली की तिच्यात तोंड दिसावं. आणि वरून तेच पाणी ओतलं.

तिला पाचवा महिना होता. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "पाणी कुठलं पिता?" मी छाती काढून सांगितलं, "सरकारी टँकरचं." नवव्या दिवशी ती गेली. पोटातल्यासकट.

पंधरा दिवस मी मुखेडला राहिलो. परत आलो तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मला तिचं तोंड आठवेना. डोळे मिटले की कळशी दिसायची, पदर दिसायचा, तोंडाच्या जागी उजेड. भाऊ-बहिणीच्या लग्नात ती फोटोच्या वेळी चुलीपाशी जाऊन बसलेली. कागदावर ती कुठंच नव्हती.

मी मास्तरच्या ओट्यावर जाऊन बसलो. "तसबीर करायची हाय," म्हणालो.

त्यानं दौत-टाक घेतल्यासारखं गुडघ्यावर कागद घेतला. "कोणत्या कुशीवर झोपायच्या?"

मला सांगता येईना. मी आधी झोपायचो.

"हसताना तोंडावर पदर?"

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो.

"डोणी घासली त्या दिवशी साडी कोणती होती?"

त्या दिवशी ती माझ्यासमोर चार हातांवर बसली होती. मी त्या दोघा भावांना हसलो होतो.

मास्तर उठला, पत्र्याची पेटी आणली, पाकिटं आणली आणि सगळे फोटो तारखेप्रमाणं जमिनीवर मांडत गेला. ओटा भरला, खोली भरली. "जित्या माणसाचा काढत न्हाई मी," तो म्हणाला, "पण कोपऱ्यात आल्या असतील तर मी काय करू?"

आणि ती होती. हळद्याच्या मागं तिचं मनगट. बुलबुलाच्या फोटोत टाच आणि कळशीचं बूड. एकात कान, कानातलं फूल. एकात मानेवरचा अंबाडा. दीड वर्ष ती अशी तुकड्या-तुकड्यानं पाखरांच्या कडेला उभी होती. तोंड कशातच नव्हतं.

मी गुडघ्यावर रांगत एकेक बघत होतो. मास्तर मागून बोटानं दाखवत होता. "हे बगा, इथपर्यंत पाखरं हायत. चोची पाण्यात. मधे कुठंतरी एखादा पाहुणा. आन इथून पुढं..." त्याचा आवाज चढला. "इथून पुढं एकबी पाखरू न्हाई. सगळे पाहुणे! बाईला न्यायला आले होते, ड्रायव्हर."

मी तो पहिला फोटो उचलून पाठीमागची तारीख वाचली. "ह्या दिवशी काय होतं?"

"काय असणार? आदल्या दिवशी आड आटला होता. तुमी पाणी आणायला लागला तो दिवस."

मी उठलो. गाडी मैदानात उभी होती. टाकीवर चढलो. वरच्या झाकणाची कडी कधीचीच तुटलेली होती, झाकण अर्धं उघडं राहायचं. मी बॅटरी घेऊन आत उतरलो. उन्हानं टाकी तापलेली, आत श्वास घेववेना. पायाखाली गाळ होता. हात घातला तर बोटांना पिसं लागली. मुठीनं काढली. तहानेनं मरणारी पाखरं उघड्या झाकणातून पाण्याचा वास घेत आत शिरली होती, आणि त्यांना परत वर येता आलं नव्हतं. किती होती ते मी मोजलं नाही. पिवळं पीस होतं. निळं होतं. बारीक हाडं होती, काडीसारखी. त्यावरचं चार बोटं पाणी मी रोज घरी नेत होतो. लोकांना वरचं, चांगलं. बायकोला हे.

ओली मूठ घेऊन मी मास्तरकडं गेलो आणि त्याच्या फोटोंवरच ती उघडली. मला गोड करून सांगता येत नाही. म्हणालो, "मास्तर, हे पाण्यात होतं. म्हणून पीत नव्हती."

त्यानं निळं पीस उचललं, पुसलं, उजेडाला धरलं. मग विचारलं, "म्हणजे पाहुणे नव्हते?"

"न्हाई."

"आधीचे सतरा?"

"त्यांचं मला ठाऊक न्हाई. तेव्हा आडाचं पाणी होतं."

त्यानं मान हलवली. खाली बसून तो फोटो गोळा करायला लागला. त्या दोन महिन्यांचे पाहुणे त्यानं पाकिटांतून काढले आणि पत्र्याच्या पेटीत, पाखरांत टाकले. एकेक. मी मदत केली नाही. मग तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "मला ठाऊक हाय बाईचं तोंड. रोज बगत होतो भोकातून. तुमी म्हणाल तर करतो."

माझ्या बायकोचं तोंड दुसऱ्या पुरुषाला ठाऊक आणि मला नाही, याचा राग यायला पाहिजे होता. आलाही. पण राग गिळून मी "करा" म्हणालो. दुसरं काय होतं माझ्याकडं?

पाच दिवस तो खोपट्यात गेला नाही. डोणी कोरडी होती. पाखरं तरी येऊन बसायची. मी त्या पाच दिवसांत टाकी तीनदा धुतली, झाकणाला नवी कडी लावली. सहाव्या दिवशी संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी त्यानं कागद माझ्या हातात दिला.

तीच होती. हनुवटीवरचं गोंदण, उजव्या भुवईतला खंड, सगळं जिथल्या तिथं. साडी विटकरी. विटकरीच होती, बघितल्यावर मला आठवलं. पण ती समोर बघत नव्हती. तसबिरीत माणसं समोर बघतात. ती खाली बघत होती, जरा एका बाजूला, आणि तिचे ओठ उघडे होते.

"हे असं का केलं, मास्तर?"

"मला ह्याच तोंडानं दिसायच्या. रोज पाणी ओतून झालं की डोणीकडं बगत उभ्या राहायच्या, आन मला म्हणायच्या..."

तो काडीचा कापूस सोडवायला लागला.

"काय म्हणायची?"

"'मामा, हे पिईनात.'"

मी तसबीर खोलीत नेली आणि भिंतीला टेकवून ठेवली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मी भाकरी खाल्ली तरी ते ओठ तसेच. तोंड फिरवून बसलो तरी पाठीला कळत होतं, कोणीतरी बोलायच्या बेतात आहे. अंधार पडला, दिवा लावला नाही, तरी ते कळत होतं. मी म्हणालो, "बोल ना. ऐकतोय." मोठ्यानं म्हणालो. भिंतीपलीकडं काकूनं ऐकलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिली खेप भरायला गेलो. विहिरीवर टाकी काठोकाठ भरली. पाणी ज्या गावाचं होतं तिकडं न जाता गाडी लातुरात बोळात घातली. टाकीवर चढलो, झाकण उघडलं आणि वरच्या वर, तोंडाशी आलेल्या पाण्यात, पहिली घागर बुडवली. मग दुसरी. गावाच्या वाट्याचं पाणी मी आयुष्यात तेवढंच घेतलं. दोन घागरी. माघातच घ्यायच्या होत्या.

परसात पाखरं भिंतीवर होती, चोची उघडून. खोपट्यात मास्तर बसला होता. टिनाच्या फटीतून मातकट सदरा दिसत होता. दोन्ही घागरी मी डोणीत ओतल्या. मग खोलीत जाऊन तसबीर आणली आणि डोणीसमोर लिंबाच्या बुंध्याला टेकवली, तिची नजर पाण्यावर येईल अशी.

पाखरं पितात का नाही, ते बघायला मी थांबलो नाही. गावात बाया उन्हात घागरी मांडून बसल्या होत्या. मी गाडी मागं घेतली आणि खेपेला गेलो.